गॅस डिटेक्टरचा सेल आणि माणसाचा जीव

मागच्या महिन्यात एका सकाळी रामवाडीहून एक बाई दवाखान्यात आल्या. सोबत नवरा होता, पण बोलणे सगळे बाईंचेच. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक पिवळी डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, ह्यांचं डोकं दुखतंय त्याचं औषध द्याच, पण आधी ह्या डबीचं काय ते सांगा. रात्रभर टूं टूं करते. सासूबाईंना वाटतं मोबाइल वाजतोय. घरात कुणाला झोप नाही."

ती डबी म्हणजे खिशाला लावायचा गॅस डिटेक्टर होता. नवरा रोह्याकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या टोळीत टाक्या साफ करण्याचे काम करतो. डिटेक्टरचा मूळ चार्जर हरवला, म्हणून तो डबी घरी आणतो आणि मुलाच्या मोबाइलच्या चार्जरला लावतो. पिन बसते. कधी चार्ज होतो, कधी अर्धाच होतो. सेल उतरला की डबी वाजू लागते.

मी विचारले, "आणि टाकीत असताना वाजली तर?"

"बटण दाबून बंद करतो. नाहीतर काम कसं होणार?"

हे ऐकून मी त्यांची फाइल काढली. दोन महिन्यांपूर्वीही ते डोकेदुखी आणि मळमळ घेऊन आले होते. मी पित्त समजून गोळ्या दिल्या होत्या. "काम काय करता?" एवढा साधा प्रश्न मी त्या वेळी विचारला नव्हता. चूक माझी होती. ती निस्तरण्यासाठी मी कारखान्यांत सुरक्षेचे काम केलेल्या एका परिचितांकडे दोन संध्याकाळी बसून हा विषय समजून घेतला. पेण-रोहा भागातल्या अनेक घरांतून रोज कोणी ना कोणी कारखान्यात जाते, म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

हा विषय आपल्या दाराशी आहे

वयस्कर वाचकांना ५ नोव्हेंबर १९९० हा दिवस आठवत असेल. त्या दिवशी नागोठण्याच्या तेव्हाच्या आयपीसीएल प्रकल्पात इथेन आणि प्रोपेन या वायूंची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसाहून अधिक माणसे गेली. अलीकडे १२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मिथेनॉलच्या टाकीपाशी वेल्डिंगचे काम चालू असताना स्फोट झाला. त्यात तीन कामगार दगावले.

या अपघातांच्या चौकशीत मला शिरायचे नाही. सांगायचे एवढेच की, ज्वलनशील वायू किंवा वाफ, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी एका जागी आल्या की स्फोट होतो. हवा तर सगळीकडे आहेच. राहिल्या दोन. वायू आहे की नाही हे सांगण्यासाठी डिटेक्टर असतो. पण तो स्वतः विजेवर चालतो. म्हणजे वापरणाऱ्याने चूक केली तर पहारेकरीच ठिणगी पाडू शकतो.

डबी काय मोजते?

टाकीत उतरणाऱ्यांकडे बहुधा चार वायूंचा डिटेक्टर असतो.

पहिला प्राणवायू. चांगल्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की यंत्र वाजते आणि २३.५ च्या वर गेला तरीही वाजते, कारण जास्त प्राणवायूत आग झपाट्याने पसरते. बंद लोखंडी टाकीत नुसत्या गंजानेही प्राणवायू कमी होतो. वास नाही, धूर नाही, तरी आत जाणारा माणूस कोसळतो.

दुसरा आकडा ज्वलनशील वायूचा. यंत्रावर त्याला 'एलईएल' म्हणतात, म्हणजे स्फोट होण्याची खालची मर्यादा. मिथेन वायू हवेत ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्या ५ टक्क्यांना यंत्र १०० म्हणते. म्हणून यंत्रावर १० दिसले तर स्फोटाच्या मर्यादेचा दहावा भाग हवेत जमला आहे, असा अर्थ. बहुतेक यंत्रांत पहिला इशारा इथेच मिळतो.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास असलेला गटारातला वायू. चौथा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासच नाही. हे दोन्ही 'पीपीएम'मध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात.

"वास येईल की आम्हाला, मशीन कशाला?" असे पुष्कळ जण म्हणतात. हायड्रोजन सल्फाइड १ पीपीएमपेक्षा कमी असतानाही नाकाला कळतो हे खरे. पण साधारण १०० पीपीएमला नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि तेव्हाच तो सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. ५०० ते ७०० पीपीएमच्या पुढे काही क्षणांत शुद्ध हरपते.

एवढीशी ठिणगी ती काय करणार?

वेल्समधल्या सेंगेनिड या कोळशाच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. खाणीत इशारा देण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या घंटा होत्या. त्या घंटांच्या तारांतल्या ठिणगीवर संशय घेतला गेला. तोपर्यंत समजूत अशी की, घंटेच्या बॅटरीत दम तो केवढा, तिने काय पेटणार? त्या काळातल्या अशा अपघातांनंतर संशोधकांनी तपासले आणि दिसले की, वायू पेटायला फार थोडी ऊर्जा पुरते. सिंथेटिक कपडा काढताना चट् आवाज होऊन अंगाला जो चटका जाणवतो, तेवढी ठिणगीही मिथेनला पेटवायला पुरेशी आहे. हायड्रोजनला तर त्याहून कितीतरी कमी लागते.

त्यातूनच पुढे यंत्रे अशा रीतीने बनवू लागले की, आत तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी पडणाऱ्या ठिणगीत वायू पेटवण्याइतका दम असणारच नाही. चांगल्या गॅस डिटेक्टरच्या मागच्या पट्टीवर 'ईएक्स' ही अक्षरे असतात, ती याची खूण. त्यापुढे यंत्र कोणत्या वायूंच्या गटात चालेल आणि त्याचा पृष्ठभाग किती तापेल हे लिहिलेले असते. उदाहरणार्थ 'टी-४' म्हणजे १३५ अंश सेल्सियसच्या वर तापणार नाही. आपल्या देशात पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणारी 'पेसो' ही केंद्र सरकारची संस्था अशा उपकरणांना मान्यता देते आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

कारखान्यातल्या जागांचेही वर्ग असतात. जिथे ज्वलनशील वायू सतत असतो तो झोन शून्य, जसे टाकीचे पोट. नेहमीच्या कामात जिथे अधूनमधून असू शकतो तो झोन एक. क्वचित आणि थोडाच वेळ असेल तो झोन दोन. झोन दोनसाठीचे यंत्र झोन शून्यात नेणे म्हणजे होडी घेऊन भर समुद्रात जाणे.

खरी गोम सेलमध्ये

आता आपल्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. डबीला मिळालेली मान्यता ही डबी आणि तिचा सेल या जोडीला मिळालेली असते. कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा सेल घालायचा हे पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. दुकानातला दुसरा सेल आकाराने तंतोतंत तसाच दिसला, तरी शॉर्ट झाल्यावर तो किती जोराने वीज सोडतो आणि किती तापतो हे वेगळे असू शकते. चुकीचा सेल घातला की मागच्या पट्टीवरची मान्यता नावापुरती उरते. नवे आणि जुने सेल एकत्र घालणेही तितकेच वाईट.

दुसरे, धोक्याच्या जागेत डबी उघडायची नाही. सेल काढताना आणि घालताना पत्र्याला स्पर्श होतो तिथे बारीक ठिणगी पडते. टाकीच्या तोंडाशी बसून सेल बदलणारे लोक आहेत. सेल बदलायचा तो गेटबाहेर, ऑफिसात किंवा जिथे वायू नाही हे ठरवून दिले आहे अशाच जागी.

तिसरे, चार्जिंग. डबी कितीही सुरक्षित असली तरी चार्जर आणि त्याचा प्लग तसा नसतो. म्हणून चार्जिंग फक्त सुरक्षित जागेत. सॉल्व्हंटचे ड्रम ठेवलेल्या शेडमधल्या किंवा पंपाशेजारच्या प्लगवर नको. पॉवर बँक खिशात घालून आत नेणे तर मुळीच नको. मोबाइलचे जे, तेच पॉवर बँकेचे.

चौथे, चार्जर कंपनीचाच. मोबाइलच्या चार्जरची पिन बसली म्हणून वीज जुळली असे होत नाही. सेल अर्धवट चार्ज होतो, फुगतो किंवा आतला संरक्षक भाग बिघडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डबी तापली असेल तर ती थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी.

पाचवे, सेल उतरल्याचा इशारा म्हणजे बाहेर निघण्याचा हुकूम. ज्वलनशील वायू मोजणारे बरेचसे सेन्सर आतल्या तापलेल्या मण्यावर चालतात आणि त्यांना वीज भरपूर लागते. पूर्ण चार्ज झालेली डबी साधारण एक पाळी निभावते. म्हणून पाळी सुरू होतानाच सेल पूर्ण आहे ना, हे पाहायचे. आत असताना सेल गेला तर तुम्ही आंधळे झालात असे समजा.

डबी नीट वापरण्याची रीत

डबी नेहमी मोकळ्या, स्वच्छ हवेत सुरू करावी. सुरू होताना ती भोवतालची हवा चांगली आहे असे मानून शून्य ठरवू शकते. टाकीच्या तोंडाशी किंवा चालू ट्रकच्या धुराड्याजवळ सुरू केली तर विषारी हवेलाच ती शून्य म्हणेल.

रोज कामाआधी डबीला माहीत असलेला चाचणीचा गॅस थोडा दाखवावा आणि ती वाजते का ते पाहावे. दिवा लागतो आणि आकडे दिसतात म्हणून सेन्सर जिवंत आहे असे नाही. सिलिकॉनच्या वाफेने किंवा फवाऱ्याने ज्वलनशील वायूचा सेन्सर मरतो, आणि मेलेला सेन्सर बिनबोभाट 'शून्य' दाखवतो. याशिवाय कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन हवेच.

माणूस उतरण्याआधी नळी सोडून टाकीची हवा वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी तपासावी. स्वयंपाकाचा गॅस आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, ते तळाशी बसतात. मिथेन आणि अमोनिया हलके, ते वर जातात. नळी सोडून लगेच आकडा वाचू नये. हवा नळीतून यायला आणि सेन्सरला ओळखायला वेळ लागतो. नळी जितकी लांब तितके जास्त थांबावे.

एक फसवा प्रकार मुद्दाम सांगतो. काटा किंवा आकडा झपाट्याने वर गेला आणि मग खाली शून्याकडे आला, तर "गॅस गेला" असे समजू नका. तापलेल्या मण्याच्या सेन्सरला काम करायला प्राणवायू लागतो. वायू फारच दाट झाला की प्राणवायू कमी पडतो आणि आकडा उतरतो. प्रत्यक्षात आत वायू कोंदलेला असतो. अशा वेळी मागे फिरायचे.

डबी छातीवर, नाकातोंडाच्या जवळ लावावी. पँटच्या खिशात किंवा रेनकोटच्या आत नको. आपल्याकडच्या पावसात एक गोष्ट हमखास होते, ती म्हणजे सेन्सरच्या जाळीवर पाणी साचते. पाण्याचा पडदा असला की हवा आत जात नाही. पुसावी, वाळवावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. डबी ओल्या फडक्याने पुसावी, कोरड्या कपड्याने घासू नये. त्याने स्थिर वीज तयार होते.

डॉक्टर म्हणून दोन शब्द

एलईएलचा आकडा कमी म्हणजे श्वास घ्यायला हवा चांगली, हा मोठा गैरसमज आहे. मिथेनॉलचे उदाहरण घ्या. ते हवेत ६ टक्के झाले की पेटू शकते. त्याचा दहावा भाग म्हणजे ६,००० पीपीएम. आठ तासांच्या कामासाठी मानलेली मर्यादा मात्र २०० पीपीएम आहे. म्हणजे स्फोटाचा पहिला इशारा वाजेपर्यंत आरोग्याच्या मर्यादेच्या तीसपट वाफ छातीत जाऊ शकते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, दृष्टी धूसर होणे ही लक्षणे कामावर वाढत असतील आणि सुट्टीच्या दिवशी कमी होत असतील, तर डॉक्टरांना आपले काम स्पष्ट सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा. माझ्यासारख्याची चूक टळेल.

करोनाच्या काळापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तो फसवतो. रक्तात विषारी वायू भिनला असूनही तो ९८ टक्के दाखवू शकतो. अशा रुग्णाला ऑक्सिमीटर पाहून घरी थांबवू नका. त्याला प्राणवायू देता येईल अशा रुग्णालयात न्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. टाकीत, मॅनहोलमध्ये किंवा विहिरीत कोणी कोसळला तर त्याला काढायला तसेच खाली उतरू नका. एक पडतो, भाऊ उतरतो, मग शेजारी उतरतो, आणि घरात तीन तिरड्या लागतात. आत उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण हार्नेस आणि त्याला दोर बांधलेला हवा आणि वर माणूस उभा हवा, म्हणजे ओढून काढता येते. नसेल तर १०८ ला आणि अग्निशमन दलाला कळवा, पंख्याने हवा सोडा. हवेचा सिलिंडर पाठीवर असलेल्यानेच उतरावे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका. विषारी वायूच्या रुग्णाला तोंडाने श्वास देण्याच्या फंदात पडू नये.

हे फक्त कारखान्यापुरते नाही. शौचालयाची टाकी, गोबर गॅसचा खड्डा, डिझेल पंप उतरवलेली विहीर, मासळी सडलेले होडीचे पोट, इथेही हेच वायू असतात. मेणबत्ती किंवा कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत सोडून द्या. ज्वलनशील वायू असेल तर तीच ठिणगी ठरेल.

१९४८ च्या कारखाना कायद्यात टाकीत उतरण्यासंबंधी कलम ३६ होते. १९७६ साली जोडलेल्या ३६-अ कलमाने तर आत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचे हातातले दिवे आणि विजेची उपकरणे नेण्यास बंदी केली होती. म्हणजे ही काळजी काही आजची नवी नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. डबी स्वच्छ हवेत सुरू करा आणि रोज चाचणी गॅस दाखवा.
२. पट्टीवर लिहिलेलाच सेल घाला आणि कंपनीचाच चार्जर वापरा.
३. सेल बदलणे आणि चार्जिंग फक्त सुरक्षित जागेत.
४. वर, मध्ये, तळाशी तपासल्याशिवाय उतरू नका.
५. इशारा वायूचा असो की सेलचा, आधी बाहेर या. बटण नंतर.
६. वाचवायला जाताना दुसरा बळी होऊ नका.

त्या गृहस्थांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी त्यांना आठ दिवसांची विश्रांती लिहून दिली आणि चिठ्ठीत डोकेदुखीचे कारण म्हणून कामावरच्या वाफेचा संशय स्पष्ट नोंदवला. ती चिठ्ठी घेऊन बाई स्वतः ठेकेदाराकडे गेल्या. मागच्या आठवड्यात दोघे पुन्हा आले. नवा चार्जर मिळाला आहे, तो गेटवरच्या ऑफिसात असतो आणि डबी आता घरी येत नाही.

"सासूबाई शांत झोपतात," बाई म्हणाल्या. डोकेदुखीही कमी आहे. मी पुढची तारीख दिली आहे. तुमच्या घरातून कोणी अशी डबी छातीला लावून कामाला जात असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढेच विचारा, "सेल कुठे चार्ज करतोस?"